कृपया या खुर्चीवर बसू नये

थोर लेखकांबद्दल मला जेवढं माहीत आहे, तेवढं खुद्द थोर लेखकांनाही माहीत नव्हतं! हे मी गर्वाने म्हणत नाही, पगारी म्हणतोय. त्यांच्या स्मारकाचा मी व्यवस्थापक. म्हणजे तिकीट फाडणारा मीच, फाडलेलं तिकीट उचलणारा मीच, धूळ झटकणारा मीच, आणि झटकून झाली की हात पाठीशी बांधून "या, या, असे डावीकडून या" म्हणत माहिती सांगणाराही मीच. थोर लेखक कुठल्या कुशीवर झोपत, रागावले की दौत कुठल्या दिशेला भिरकावत, सगळं मला तोंडपाठ. जे माहीत नव्हतं ते मी गरजेप्रमाणे तयार केलं. आता तेही तोंडपाठ आहे.

तेव्हा तुम्हीही या. दोरीच्या अलीकडे उभे राहा. भिंतीला टेकू नका, रंग अंगाला लागतो. आता समोर बघा.

याच खुर्चीत बसून थोर लेखकांनी आपल्या सर्व थोर कादंबऱ्या लिहिल्या. कृपया या खुर्चीवर बसू नये.

हा फलक माझा. शब्द माझे, अक्षर माझं, खिळाही मीच ठोकलेला. आणि छातीठोकपणे सांगतो, मी नोकरीला लागल्यापासून या खुर्चीवर कुणीही बसलेलं नाही. एकदा एका वजनदार गृहस्थांना इथेच चक्कर आली. त्यांना मी सरळ फरशीवर आडवं केलं, पण खुर्ची दिली नाही!

मात्र फलकावर "बसू नये" असं आहे. "उभं राहू नये" असं नाही.

मी उभा राहिलो.

त्याचं झालं असं. खोलीतला दिवा गेला होता. शिडी रंगाऱ्याने नेली होती. दिवा उंच, मी बेताचा. आणि अध्यक्षसाहेबांचा फोन आला. अध्यक्षसाहेब म्हणजे स्मारक समितीचे. समितीत दुसरं कुणी नाही.

"अहो व्यवस्थापक, उद्या विद्यापीठातून एक संशोधक बाई येताहेत. खुर्ची बघायला."

"फक्त खुर्ची?"

"त्यांचा प्रबंधच खुर्चीवर आहे! दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर तुमची नोकरी विझली समजा!"

दिवा लागला. त्या लख्ख उजेडात मला स्वच्छ दिसलं की खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आहेत आणि मधोमध बैठकीवर मी बसलो आहे. स्वतःच लिहिलेल्या फलकासमोर!

मराठी साहित्याचा तो ठेवा मी पोत्यात भरला आणि कोपऱ्यावरच्या सुतारापुढे ओतला.

सुताराने एक पाय उचलून उलटासुलटा केला. "ही जोडायची?"

"हुबेहूब. उद्या सकाळपर्यंत."

"साहेब, मी सुतार आहे, जादूगार नाही. चार दिवस लागतील. एवढ्यात तर नवी होईल."

"नवी नको! जुनीच पाहिजे. नव्यासारखी जुनी नाही, जुन्यासारखी जुनी!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाही पोत्यातूनच आणलेलं असावं.

*

आता जरा आमच्या घरी चला. दोरी नाही, सरळ आत या. खिडकीशी ती खुर्ची दिसते? काळं लाकूड, वेताची बैठक, डावा हात झिजून गुळगुळीत, त्यावर कपाच्या बुडाचा पांढरा वेढा, आतल्या बाजूला चाकूच्या खाचा आणि मागच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. लांबून पाहिलं तर थोर लेखकांच्या खुर्चीची सख्खी बहीण. ही आमच्या सासरेबुवांची.

सासरेबुवा वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्त झाल्यावर तराजू उरले नाहीत, जावई उरला! मी घरात शिरलो की खिडकीतल्या खुर्चीतून माझं वजन होतं. एकदाही पुरं भरल्याचं मला आठवत नाही. सध्या मात्र ते मेहुणीकडे होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आठवडाभराने परतणार होते.

"बाबांची खुर्ची?" बायको किंचाळली. "हात तर लावून बघा!"

"अगं, दोनच दिवस. बाई येतील, बघतील, जातील."

"बाबा दुसऱ्या कशावर बसत नाहीत, माहीत आहे ना? आमच्या लग्नात मांडवातसुद्धा ही खुर्ची आणली होती!"

"आमच्या काय? आपल्या लग्नात! माहीत आहे. मी तिलाच पहिला नमस्कार केला होता."

ती एकेक शब्द तोलून म्हणाली, "बाबा यायच्या आत खुर्ची जागेवर. ती जागेवर नसेल, तर तुम्हीही जागेवर नसाल."

निरीक्षकाची मुलगी!

खुर्ची डोक्यावर घेऊन मी भर रस्त्यातून स्मारकात गेलो. वाटेत एकाने विचारलं, "काय हो, बसायला जागा मिळत नाही का?"

*

थोर लेखक डावखुरे होते. पाहा: खुर्चीचा डावा हात.

दचकू नका. हा फलक मी लिहिला खरा, पण लिहिताना माझा हात ऐकत नव्हता. उजवाच.

संशोधक बाई भिंग घेऊन आल्या, टेप घेऊन आल्या, गुडघ्याला बांधायच्या उशा घेऊन आल्या. त्या खुर्चीभोवती गुडघ्यांवर फिरू लागल्या. मी दोरीपलीकडे उभा. डावा हात पाहून त्या थांबल्या.

"हा एवढा का झिजलाय?"

आता काय सांगू? सासरेबुवा दिवसभर डाव्या कोपरावर रेलून समोरच्यांच्या घरात काय चाललंय ते बघतात, म्हणून! मी म्हटलं, "लेखकांचा... रेलण्याचा स्वभाव होता."

"डावीकडे रेलायचे. डाव्या बाजूला जोर. म्हणजे..." त्यांचे डोळे लकाकले. "ते डावखुरे होते!"

"बाई, तो भिंतीवरचा फोटो बघा. लेखणी उजव्या हातात आहे."

"फोटो उलटा छापलाय."

"त्यांच्या मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं सुलट दिसताहेत."

"तुम्ही व्यवस्थापक आहात ना? व्यवस्था बघा!"

मी व्यवस्था बघू लागलो. तेवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. बाई खाचांवरून बोट फिरवत रडत होत्या.

"या खाचा मोजल्यात कधी? केवढं सोसलंय या माणसाने! प्रत्येक दुःखाला एक खाच. आणि जगाला पत्ता नाही!"

खाचा कशाच्या, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, सासरेबुवा पेन्सिलीला टोक करून झालं की चाकू पुसतात. पण बाई इतक्या मनापासून रडत होत्या की मलाही भरून आलं. आम्ही दोघांनी मिळून सासरेबुवांच्या खुर्चीपुढे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा. तिसऱ्या दिवशी तिकीट खिडकीसमोर रांग. माझ्या हयातीत इथे रांग लागलेली नव्हती. मला वाटलं, शेजारच्या दवाखान्याची चुकून इकडे आली! डावखुऱ्यांचं एक मंडळ आलं. त्यांच्या प्रमुखांनी डाव्या हाताने पुष्पगुच्छ पुढे केला, मी उजव्या हाताने घेतला, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो घाईघाईने डाव्या हातात घेतला आणि जमिनीवर पाडला. दोन समीक्षकांमध्ये कपाच्या वेढ्यावरून जुंपली. एक म्हणे हे शून्य आहे, दुसरा म्हणे हा पूर्णविराम आहे. पुठ्ठ्याच्या घडीपुढे एक कवी फार वेळ उभा राहिला आणि तिकिटाचे पैसे परत न मागता गेला.

आणि रोज दुपारी बायकोचा फोन.

"अहो, खुर्ची?"

"आज आणतो."

"कालही आज आणणार होतात!"

मी खरंच आणणार होतो. अध्यक्षसाहेबांना म्हटलं, "साहेब, खुर्ची दोन दिवस पॉलिशला नेतो."

"पॉलिश?" साहेब ताडकन उठले. "त्या झिजेवर आपण जगतोय! उद्या काचेची पेटी येतेय. कुलूप लावणार. किल्ली माझ्याकडे."

पेटी आली. खुर्ची आत गेली. कुलूप लागलं. काचेत मला माझंच तोंड दिसलं, आणि ते खुर्चीवर बसल्यासारखं दिसत होतं.

त्याच संध्याकाळी सुताराने निरोप धाडला, माल तयार आहे. माल खरोखर तयार होता! नवे पाय, नवा वेत, आणि वर पिवळंधमक वॉर्निश. अंधारात ठेवली असती तर दिवा लावायची गरज पडली नसती.

"कशी आहे?" सुतार हात पुसत म्हणाला. "जुनी होती असं कुणी म्हणणार नाही!"

तेच तर दुखणं होतं.

पण बुडत्याला काडीचा आधार, मला वॉर्निशचा. ही पिवळी खुर्ची घरी न्यायची, खिडकीत ठेवायची आणि सांगायचं, बाबा, तुमचीच आहे, फक्त पॉलिश केली. डोळ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस. त्याला काय दिसणार?

*

सासरेबुवा दोन दिवस आधीच आले. दारातच उभे राहिले. हिरवा चष्मा काढला.

"जावईबापू, हे पिवळं काय आहे?"

"तुमचीच खुर्ची, बाबा. जरा चमकवून घेतली. तुमच्या स्वागताला!"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वेताकडे पाहिलं. सासरेबुवांनी खुर्चीचा हात दाबून पाहिला, पाठ टकटकवली, बैठकीला तळवा लावला. एखादं बनावट वजन हातात तोलावं तसे सगळे सोपस्कार केले आणि म्हणाले, "नवे पाय सोडा, नवा वेत सोडा. उरलेलं लाकूड जुनं आहे. पण या खुर्चीवर जन्मात कुणी बसलेलं नाही."

"असं कसं, बाबा? हिच्यावर तर साक्षात..."

जीभ चावली.

"साक्षात कोण?"

"कोणी नाही."

"तेच म्हणतोय मी. आणि डोळा आत्ताच नवा करून आणलाय, जावईबापू. जुन्या डोळ्यालाही कळलं असतं. माझी खुर्ची येईपर्यंत मी बसणार नाही."

आणि ते बसले नाहीत! चहा उभ्याने, पेपर उभ्याने. जेवताना तर ते ताट हातात घेऊन माझ्याच डोक्यापाशी उभे. माझे घास मोजताहेत असं वाटून मी एक पोळी कमी खाऊ लागलो. गुडघे कुरकुरायचे, चेहरा पांढरा पडायचा, पण माणूस भिंतीलासुद्धा टेकेना.

रात्री बायको हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज आला की मला ओरडणं बरं वाटतं. "आई गेली त्या दिवशीही बाबा त्या खुर्चीत बसले, म्हणून सावरले. तुम्हाला ते एक लाकूड वाटतं."

यावर माझ्याकडे काही माहिती नव्हती. तयार करण्याजोगीही नव्हती.

मी ठरवलं, रविवारी सगळं खरं सांगून टाकायचं. रविवारी काचपेटीचं उद्घाटन होतं, म्हणजे कुलूप उघडणार होतं. नोकरी गेली तर गेली. खुर्ची उचलायची आणि चालू लागायचं!

रविवारी सकाळी सासरेबुवा उभ्याने पेपर वाचत होते. पहिल्या पानावर खुर्चीचा मोठा फोटो. मी पेपर लपवायला धावलो, पण नवा डोळा माझ्यापेक्षा चपळ निघाला.

त्यांनी पेपरची घडी घातली, खिशात चाकू आहे की नाही ते चाचपलं आणि बायकोला म्हणाले, "चल गं."

*

उद्घाटनाच्या वेळी कृपया शांतता पाळावी.

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पेटीपाशी लोकनेते. त्यांच्या उजवीकडे अध्यक्षसाहेब, डावीकडे संशोधक बाई. बाई म्हणाल्या होत्या, लोकनेत्यांनी किल्ली डाव्या हाताने फिरवावी, म्हणून त्यांची आदल्या दिवसापासून तालीम चालली होती. आणि एका कोपऱ्यात थोर लेखकांच्या कन्या. त्याही आता आजी झालेल्या. कुणीतरी भिडेखातर बोलावलेल्या, कुणीतरी भिडेखातर दोन शब्द बोलायला सांगितलेल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि पेटीकडे बघत म्हणाल्या, "ही खुर्ची मी कधी पाहिली नाही. आणि बाबा खुर्चीवर बसून लिहीतच नसत. ते पालथे पडून लिहायचे, उशी छातीखाली घेऊन. आमच्या घरात खुर्ची एकच होती. तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा."

शांतता पाळली गेली.

अध्यक्षसाहेब घाईघाईने म्हणाले, "बाई, तुम्ही तेव्हा लहान होतात."

"मी चांगली तिशीची होते."

संशोधक बाई हसल्या. "ताई, राग मानू नका. घरच्यांना लेखक कधी कळत नाही."

टाळ्या पडल्या! कन्या आजी खाली बसल्या. त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या, पण तोवर लोकनेत्यांनी डाव्या हाताने कुलूप उघडलं होतं. अध्यक्षसाहेब म्हणाले, "आज अपवाद म्हणून, या आसनावर क्षणभर विराजमान होण्याचा मान..."

लोकनेते पाठमोरे झाले, गुडघ्यात वाकले.

"उठा!"

आवाज दारातून आला होता. गर्दी आपोआप दुभंगली. असल्या आवाजाने एकेकाळी बाजारच्या बाजार गप्प झाले असतील. सासरेबुवा सरळ चालत आले. लोकनेते अर्धे बसलेले, अर्धे उभे. कुणी "उठा" म्हटलं की त्यांना आपोआप घाम फुटतो म्हणे. ते बाजूला झाले. आणि सासरेबुवा बसले.

इतक्या दिवसांनी बसलेल्या माणसाचा तो सुस्कारा! डावं कोपर झिजेवर अलगद गेलं. पाठ पाठीला लागली. पुठ्ठ्याची घडी किंचित करकरली. माझी बायको दारात डोळे पुसत होती.

"तोच कोन!" संशोधक बाई ओरडल्या. "माझ्या प्रबंधातला तोच कोन! आजोबा, आपण कोण?"

हीच ती वेळ. मी घसा साफ केला. "बाई, साहेब, मला काही सांगायचंय. ही खुर्ची..."

अध्यक्षसाहेबांनी माझ्या पायावर पाय दिला. बुटाचा. मी जे सांगणार होतो त्याचा फक्त "आई गं!" एवढाच भाग लोकांपर्यंत पोचला.

बाई सासरेबुवांपुढे गुडघ्यांवर बसल्या. उशा बांधलेल्याच होत्या. "आजोबा, या खाचा कशाच्या, माहीत आहे तुम्हाला?"

सासरेबुवांनी खोलीभर नजर फिरवली. काचपेटी, फलक, रांग, कॅमेरे. मग माझ्यावर आणून थांबवली. माझं वजन झालं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "एका माणसाकडून जेव्हा जेव्हा अपेक्षाभंग झाला, तेव्हा तेव्हा एक खाच."

"मी म्हटलं नव्हतं!" बाईंना रडू आवरेना. "कोण होता तो माणूस?"

"होता काय? आहे. या खोलीतच आहे."

मी फरशीकडे पाहू लागलो. लग्नाच्या मांडवात ही खुर्ची कशाला आणली होती, ते आत्ता मला कळलं. पहिली खाच तिथलीच!

पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे लोकनेत्यांकडे बघत होते. लोकनेत्यांनी रुमाल काढला आणि सवयीने म्हणाले, "या प्रकरणाची चौकशी केली जाईल," आणि जिना उतरून गेले.

सासरेबुवांनी खिशातून चाकू काढला, उघडला, आणि साऱ्या कॅमेऱ्यांसमोर, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून, एक नवी खाच पाडली. खोल. कुणी अडवलं नाही. बाईंनी तारखेसकट टिपून घेतली.

*

आजोबा बसलेले असताना काचेवर टकटक करू नये.

हा शेवटचा फलक. इथे आपली फेरी संपते.

खुर्ची घरी नेता आली नाही, कारण ती आता जनतेची आहे. सासरेबुवा खुर्चीवाचून राहू शकले नाहीत, म्हणून तेही आता जनतेचे आहेत. रोज डबा घेऊन माझ्याबरोबर निघतात, पेटीत बसतात. लोक काचेतून त्यांना बघतात. ते काचेतून मला बघतात. पूर्वी माझं वजन फक्त घरी व्हायचं. आता कचेरीतही होतं. मी तिकीट वाकडं फाडलं की आत चाकू उघडल्याचा आवाज येतो. बाईंच्या प्रबंधाचा दुसरा खंड निघतोय, "नव्या खाचा" नावाचा.

थोर लेखकांच्या कन्या आजी मध्ये एकदा भेटल्या. बाकी कुणाला त्यांचं ऐकायचं नव्हतं, म्हणून मी ऐकलं. पालथं पडून कसं लिहायचं ते त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. कोपरं फार लांब ठेवायची नाहीत, उशी छातीखाली घ्यायची.

हे सगळं मी तसंच लिहितोय, घरी, फरशीवर. कोपरं दुखतात, पण हात चालतो. खुर्चीवर बसून लिहिलं असतं, पण घरी ती पिवळीच आहे आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे.